पन्नास पौंड, ९९९ वर्षं: बनाबाच्या लोकांनी लढून मिळवलं काय?

मुसाफिर_जोशी (धागाकर्ता)

प्रशांत महासागरात विषुववृत्ताच्या जरासं खाली बनाबा नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम ६ चौरस किलोमीटर. इंग्रज त्याला ओशन आयलंड म्हणत. ३ मे १९०० रोजी आल्बर्ट एलिस नावाच्या एका ब्रिटिश कंपनीच्या माणसाने तिथे एक करार करून घेतला. बेटावरचं सगळं फॉस्फेट खणून न्यायचा हक्क, मुदत ९९९ वर्षं, मोबदला वर्षाला ५० पौंड, आणि तेही रोख दिले पाहिजेत असं नाही, तेवढ्या किमतीचा माल दिला तरी चालेल. सही टेमाटे नावाच्या एका वडीलधाऱ्याची, कागदापुरतं त्याला 'राजा' करून. बनाबात राजा हा प्रकारच नव्हता. जमीन माणसामाणसाच्या मालकीची होती, बायकांच्याही.

पुढची जवळजवळ ८० वर्षं बेट खणलं गेलं. दोन कोटी टनांच्या वर फॉस्फेट निघालं आणि मुख्यतः ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतांत गेलं. मूळ रहिवाशांना १९४५ च्या डिसेंबरात दोन हजारांहून अधिक किलोमीटर लांब, फिजीतल्या राम्बी बेटावर नेऊन ठेवलं. १९७९ मध्ये खाण बंद झाली.

लोक गप्प बसले होते असं नाही. जमीन सक्तीने घेतली तेव्हा बायका झाडांना मिठ्या मारून उभ्या राहिल्या. अर्ज केले, शिष्टमंडळं पाठवली, शेवटी लंडनच्या कोर्टात गेले. तिथे हरले. शेजारचं नाउरू, तेही फॉस्फेटचंच बेट, मात्र १९६८ मध्ये स्वतंत्र झालं, खाणही ताब्यात घेतली, आणि आज त्याची गत सगळ्यांना ठाऊक आहे.

माझं मत थोडं कडू आहे. ज्यांची जमीनच बोटीत भरून गेली त्यांना स्वातंत्र्य देणं ही थट्टा आहे, आणि अशा ठिकाणी प्रतिकार केला काय, न केला काय. तुम्हाला काय वाटतं?

---

टवाळ_पाटील

आमच्या सोसायटीची लीज ९९ ची. ती संपत आली तर कमिटीची झोप उडालीय. २८९९ साली बनाबाची जनरल बॉडी कोण बोलावणार?

---

खतवाला_मिरज

धागा माझ्या धंद्याचा निघाला म्हणून लिहितो. बाकी राजकारण तुम्ही बघा.

दगडातलं फॉस्फेट पिकाला तसंच्या तसं फारसं लागू पडत नाही. खडक दळायचा, त्यावर गंधकाम्ल घालायचं, की सुपर फॉस्फेट तयार होतं. आपल्याकडे जी 'सिंगल सुपर'ची गोणी मिळते ती हीच, १६ टक्के स्फुरदवाली. ऑस्ट्रेलियाची जमीन फार जुनी, झिजलेली, स्फुरद नावालाच. सुपर टाकल्याशिवाय तिथे ना गहू, ना मेंढ्यांना चारा. न्यूझीलंडमध्ये तर डोंगरउतारावरच्या कुरणांवर विमानातून खत टाकायचे. म्हणजे लोणी, लोकर, मटण, जे काही त्या देशांनी जगाला विकलं, त्याच्या मुळाशी ही दोन बेटं होती. आणि माल मिळत होता कसा? १९२० पासून ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तीन सरकारांचं मिळून एक मंडळ होतं, ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स. वाटणी ४२, ४२ आणि १६ टक्के. आपल्या शेतकऱ्याला बाजारभावापेक्षा स्वस्त द्यायचं हे ठरलेलं धोरण. बेटवाल्यांची रॉयल्टी ठरवणारं सरकार तेच, खत घेणारं सरकारही तेच. मग भाव कोणाच्या बाजूने झुकणार?

आपल्याकडे आता रॉक फॉस्फेट मुख्यतः जॉर्डन, मोरोक्को, इजिप्तकडून येतं. नाउरूशी भारताचा थेट संबंधही होता. ओडिशातली पारादीप फॉस्फेट्स १९८१ मध्ये सुरू झाली ती भारत सरकार आणि नाउरू सरकार यांची भागीदारी म्हणून. १९९३ मध्ये नाउरू बाहेर पडलं.

---

मुसाफिर_जोशी

पारादीपचं माहीत नव्हतं! एवढासा देश आणि ओडिशात कारखाना.

---

मेलबर्नकर

एवढासा देश आणि मेलबर्नात ५२ मजली इमारतसुद्धा. नाउरू हाऊस, १९७७ मध्ये झाली तेव्हा शहरातली सगळ्यात उंच. फॉस्फेट म्हणजे पक्ष्यांची विष्ठा असा समज, म्हणून इथले लोक तिला काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही. २००४ मध्ये विकावी लागली. स्वतःची विमान कंपनी काढली, विमानं रिकामी उडायची. १९९३ मध्ये लंडनला लिओनार्दो दा विंचीवरच्या संगीत नाटकात पैसे घातले, ते दणकून आपटलं. मग पासपोर्ट विका, बँकिंग लायसन्स विका. २००१ पासून आमच्या ऑस्ट्रेलियन सरकारचे पैसे घेऊन बोटीने येणाऱ्या निर्वासितांची छावणी चालवा.

धागाकर्त्याच्या मुद्द्याला माझं उत्तर थोडं वेगळं आहे. गोऱ्यांनी लुटलं हे खरं. पण खाण स्वतःच्या हाती आल्यावर यांनी खणणं थांबवलं का? नाही. त्याच वेगाने खणलं. सगळं खापर वसाहतवादावर फोडून चालणार नाही.

---

रिकामटेकडा

मेलबर्नकरांशी सहमत. पैसा टिकवायला अक्कल लागते.

---

सुलभा_सुवा

मेलबर्नकर, तुमचे मुद्दे बरोबर आहेत, क्रम उलटा लागलाय. १९६८ पर्यंत बेटाचा केवढा भाग आधीच खरवडून झाला होता ते बघा. मधला सगळा पठारी भाग म्हणजे चुनखडीचे सुळके, मधे खोल खड्डे. तिथे ना शेती होते ना घर बांधता येतं. लोक राहतात ते किनाऱ्याच्या पट्ट्यात. ६० वर्षं दुसऱ्यांनी घेतलं आणि उरलेल्यातून स्वतःचं आयुष्य काढायचं होतं, तेव्हा त्यांनी खणलं नसतं तर काय करायचं होतं? उधळपट्टी झाली, सल्लागारांनी लुटलं, मंत्र्यांनी मजा मारली. ते कुणी नाकारत नाही, नाउरूचे लोक तर मुळीच नाकारत नाहीत.

आता रिकामटेकडांना अकलेबद्दल. १९४३ मध्ये जपान्यांनी सुमारे १,२०० नाउरूवासीयांना उचलून ट्रुक बेटांवर नेलं, कामाला जुंपलं. ३१ जानेवारी १९४६ ला परत आले ७३७. बाकीचे उपासमारीने, रोगराईने, बॉम्बहल्ल्यात गेले. त्यांचा स्वातंत्र्यदिन ३१ जानेवारी आहे तो मुद्दाम तीच तारीख धरून. शिवाय दरवर्षी २६ ऑक्टोबरला 'अंगाम' नावाचा सण असतो. लोकसंख्या १,५०० च्या खाली गेली तर आपला समाज टिकणार नाही असं मानलं जायचं. १९३२ मध्ये तो आकडा गाठला म्हणून हा सण सुरू झाला, युद्धात परत खाली गेला, १९४९ मध्ये पुन्हा गाठला. जन्मलेल्या मुलांची मोजदाद हाच ज्यांचा राष्ट्रीय सण, त्यांना पैसा उधळला म्हणून हसणं मला जमत नाही.

१९६४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाने त्यांना क्वीन्सलंडजवळचं कर्टिस बेट देऊ केलं होतं. बेट खणून संपणार, तुम्ही इकडे या, नागरिकत्व घ्या, नाउरू विसरा. नाउरूचे नेते हॅमर डीरोबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नको म्हणून सांगितलं, कारण वेगळं राष्ट्र म्हणून राहायची मुभा त्यात नव्हती. कडू मताच्या धागाकर्त्यांनी याचा विचार करावा.

---

टवाळ_पाटील

सुलभाताई फॉर्मात आहेत. रिकामटेकडा, पाणी प्या.

---

रिकामटेकडा

प्यायलो. पण नाटकात पैसे घालणं तरी कुणी सांगितलं होतं?

---

सुलभा_सुवा

एका इंग्रज सल्लागाराने. :)

---

नीलिमा_ऑकलंड

प्रतिकार म्हटला की मला सामोआ आठवतो. तिकडची गोष्ट बनाबाइतकी निराशाजनक नाही, म्हणून लिहिते.

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला न्यूझीलंडने जर्मनांकडून पश्चिम सामोआ घेतलं. नोव्हेंबर १९१८ मध्ये 'तालुने' नावाचं जहाज ऑकलंडहून सामोआची राजधानी एपियाला आलं, त्यात इन्फ्लुएन्झाचे रुग्ण. क्वारंटीन न करता लोकांना उतरू दिलं. सुमारे ८,५०० माणसं मेली, म्हणजे लोकसंख्येच्या पाचातला एक. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर पॉयरने बंदर कडेकोट बंद ठेवलं, तिथे एकही मृत्यू नाही. वर अमेरिकनांनी मदत देऊ केली ती न्यूझीलंडच्या कर्नल लोगनने घेतली नाही. यातून जो संताप साचला त्यातून 'माऊ' चळवळ उभी राहिली. कर भरायचे नाहीत, सरकारी शाळा-समित्यांवर बहिष्कार, मळ्यातली कामं बंद, आणि सगळं हत्याराविना. पांढरा पट्टा असलेली निळी लावालावा (कमरेला गुंडाळायचं वस्त्र) हा त्यांचा गणवेश, त्यावर बंदी आली. २८ डिसेंबर १९२९ ला एपियाच्या रस्त्यावर मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. लोकांना शांत राहा म्हणून हात वर करून सांगणारे तुपुआ तामासेसे लेआलोफी हेच पडले. सूड घेऊ नका, हे रक्त शांततेसाठी सांडलंय, असं सांगून गेले. पुरुष डोंगरात पळाले तेव्हा चळवळ बायकांनी चालवली.

१ जानेवारी १९६२ ला सामोआ स्वतंत्र झालं, पॅसिफिक बेटांतला पहिला देश. २००२ मध्ये पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी एपियात जाऊन माफी मागितली. पण गंमत बघा, १९८२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (न्यूझीलंडचं तेव्हाचं शेवटचं अपील कोर्ट) सांगितलं की न्यूझीलंडच्या राजवटीत १९२४ ते १९४८ मध्ये जन्मलेले सामोअन हे न्यूझीलंडचेच नागरिक. तर सरकारने त्याच वर्षी घाईघाईने कायदा करून ते नागरिकत्व काढून घेतलं! ते परत मिळण्याची वाट मोकळी करणारा कायदा झाला २०२४ च्या नोव्हेंबरात. तोवर त्यातले कितीतरी म्हातारे वारले. माझ्या ऑफिसातली एक सामोअन बाई तिच्या आजीचा जन्मदाखला शोधत बसलीय सध्या. मिशनच्या वहीत नोंद आहे, तारखेचं पान फाटलेलं.

---

विद्याधर_मुळ्ये

नीलिमाताई, सुंदर प्रतिसाद, पण यावर वेगळा धागा काढा ना. इथे हरवून जाईल.

---

नीलिमा_ऑकलंड

काढते, शनिवारी.

---

वकीलबुवा

बनाबाच्या खटल्यावर कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. टिटो विरुद्ध वॉडेल. ट्रस्टच्या कायद्यात हा शिकवतात, आणि बहुतेक विद्यार्थी वस्तुस्थिती वाचत नाहीत, निकालाचा एक परिच्छेद पाठ करतात.

बनाबाचे नेते रोटान टिटो. दावे दोन होते. एक फॉस्फेट कमिशनर्सवर: खणून झालेल्या जमिनीवर झाडं लावून देऊ असं करारात लिहिलं होतं, ते केलं नाही. दुसरा ब्रिटिश सरकारवर: तुम्ही आमचे विश्वस्त होतात, आणि रॉयल्टी ठरवताना आमच्याऐवजी खत घेणाऱ्यांचं हित पाहिलंत. न्यायमूर्ती मेगरी यांच्यापुढे सुनावणी २०० दिवसांवर चालली. न्यायाधीशमहाराज स्वतः बनाबाला जाऊन खड्डे बघून आले. कोर्टात १९२८ चं एक पत्रही पुढे आलं. आर्थर ग्रिंबल हा तिथला रेसिडेंट कमिशनर, ज्याच्या बेटांवरच्या गोड आठवणी पुढे इंग्लंडमध्ये घरोघरी वाचल्या गेल्या. त्याने गावकऱ्यांना लिहिलं होतं की सही केली नाहीत तर जमीन जाणारच आहे, वर तुमचं गावही जाईल.

१९७६ च्या अखेरीस निकाल आला. झाडांच्या दाव्यात किरकोळ नुकसानभरपाई. सरकारच्या दाव्यात कोर्ट म्हणालं, सरकारचं वागणं योग्य नव्हतं, पण हे विश्वस्तपण 'वरच्या अर्थाचं', राजकीय आहे, कोर्टाने बजावावं असं नाही. म्हणजे पाप मान्य, प्रायश्चित्त ऐच्छिक. नंतर तिन्ही सरकारांनी मिळून १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर 'सानुग्रह' देऊ केले. बनाबावाल्यांनी काही वर्षं नाकारले, मग घेतले.

पण धागाकर्ते म्हणतात तसं 'केलं काय, न केलं काय' असं नाही. १९८४ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टापुढे मस्क्वीम या तिथल्या आदिवासी जमातीचा खटला आला. त्यांची जमीन सरकारने त्यांना सांगितलेल्या अटी सोडून एका गोल्फ क्लबला लीजवर दिली होती. सरकारच्या वकिलांनी बनाबाचाच निकाल पुढे केला. कोर्टाने म्हटलं, तो इथे लागू नाही, सरकार तुमचं देणं लागतं. आणि नाउरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियाचे प्राथमिक आक्षेप मुख्यतः फेटाळले गेले, पुढच्याच वर्षी १० कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड. बनाबाला हे करता आलं नाही, कारण हेगच्या दारात फक्त देश उभा राहू शकतो. नाउरू देश होतं, बनाबा नव्हतं. स्वातंत्र्य थट्टा असतं तर हा फरक पडला नसता.

---

मेलबर्नकर

हा शेवटचा मुद्दा पटला. वकीलबुवा, फी किती?

---

वकीलबुवा

वर्षाला ५० पौंड. माल चालेल.

---

खतवाला_मिरज

सुपरच्या चार गोण्या पाठवतो, भाडं तुमचं.

---

सुलभा_सुवा

वकीलबुवांना दंडवत. आता राम्बीबद्दल, कारण सगळे बनाबाबद्दल असं बोलताहेत जणू ते लोक आता नाहीतच.

१५ डिसेंबर १९४५ ला १,००३ माणसं राम्बीला उतरवली, त्यातली ७०३ बनाबाची, बाकी गिल्बर्ट बेटांवरची. तुमची गावं जपान्यांनी उद्ध्वस्त केली, परत जाता येणार नाही, असं त्यांना सांगितलं होतं. खाण मात्र लगेच सुरू झाली! ऐन वादळांच्या मोसमात तंबूत ठेवलं, दोन महिन्यांचं रेशन देऊन. कोरड्या बेटावरची माणसं, पाऊस आणि थंडी अंगवळणी नाही, म्हातारी-कोतारी पहिल्या वर्षातच गेली. आणि बेट विकत घेतलं कुणाच्या पैशांनी? लीव्हर ब्रदर्सकडून २५,००० पौंडांना, बनाबाच्याच लोकांच्या रॉयल्टीच्या निधीतून. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

भारतीय वाचकांसाठी अजून एक. १९०० साली ज्या कंपनीने तो करार केला तिचा अध्यक्ष होता लॉर्ड स्टॅनमोर. हाच आधी आर्थर गॉर्डन या नावाने फिजीचा पहिला गव्हर्नर होता. १८७९ मध्ये 'लिओनिदास' जहाजातून फिजीत पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर, आले ते त्याच्याच धोरणाने. फिजीयन माणसाची जमीन विकता येणार नाही असा नियम त्याने केला, म्हणून उसाच्या मळ्यांवर आपली माणसं आणली, ६० हजारांहून अधिक. फिजीत जमीन राखणारा म्हणून त्याचं नाव घेतात, आणि बनाबाची जमीन गेली ती त्याच्या कंपनीच्या कागदावर.

---

विद्याधर_मुळ्ये

पण मग राम्बीवर आधी कोण राहत होतं? बेट ओसाड थोडंच असेल.

---

सुलभा_सुवा

नेमकं बोट ठेवलंत. तिथले मूळ फिजीयन लोक एकोणिसाव्या शतकातच तिथून हलवले गेले. त्यांचे वंशज शेजारच्या तावेउनी बेटावर राहतात आणि राम्बी आपलीच मानतात. म्हणजे एका विस्थापितांना दुसऱ्या विस्थापितांच्या जागेवर बसवलं आणि बसवणारे निघून गेले. आता भांडायचं कुणी कुणाशी? ही गुंतागुंत इथे फिजीत कुणी फार मोठ्याने बोलत नाही.

---

मुसाफिर_जोशी

हे वाचून माझं मत अजून कडू झालं की कमी, कळेना.

---

रिकामटेकडा

एक प्रामाणिक प्रश्न. बनाबावर आता कुणी राहतं का?

---

सुलभा_सुवा

हो, दोन-तीनशे माणसं. बरेचसे राम्बीहून परत गेलेल्यांच्या कुटुंबांतले, बेट राखायला म्हणून राहतात. कारखान्याच्या गंजक्या पत्र्यांत. पाण्याचे हाल आहेत. पूर्वी जमिनीखाली गुहा होत्या, बांगाबांगा. पावसाचं पाणी खडकातून झिरपून तिथे साठायचं. तिथे फक्त बायकांनी उतरायचं, नारळाच्या करवंट्यांत पाणी भरून सरपटत वर यायचं. दुष्काळात बेट त्याच्यावर तगायचं. खाणीने त्या गुहांची वाट लावली. आता समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र आहे, ते बंद पडलं की बोटीची वाट बघायची.

आणि तुमच्या मूळ प्रश्नाला, जोशीबुवा. १९७९ मध्ये किरिबाटी, म्हणजे बनाबा ज्या देशात गेलं तो, स्वतंत्र होत होतं तेव्हा बनाबावाल्यांनी आम्हाला वेगळं करा म्हणून जिवाचं रान केलं. ते झालं नाही. पण किरिबाटीच्या राज्यघटनेत त्यांच्यासाठी एक आख्खं प्रकरण घातलं गेलं. बनाबावरची त्यांची जमीन, ते दुसऱ्या देशात राहत असले तरी, त्यांचीच. तिथे जाऊन राहायचा हक्क कायमचा. संसदेत बनाबाचा निवडून आलेला एक, आणि राम्बीच्या परिषदेने पाठवलेला एक, म्हणजे एका देशाच्या संसदेत दुसऱ्या देशातल्या बेटाचा माणूस. कोर्टात हरलेल्यांनी ओरडत राहून हे मिळवलं. न ओरडते तर एवढंही लिहिलं गेलं नसतं. बनाबावर पुन्हा खणायची भाषा कुणी केली तर परवानगी मागायला आता या लोकांकडेच यावं लागतं, एखाद्या 'राजा'ची सही घेऊन भागत नाही.

---

मुसाफिर_जोशी

'केलं काय, न केलं काय' हे वाक्य मागे घेत नाही, पण त्याला निदान प्रश्नचिन्ह जोडतो. :)

सुलभाताई, त्या प्रकरणातल्या तरतुदी किरिबाटीची संसद साध्या बहुमताने बदलू शकते का? वकीलबुवा, तुम्हीही सांगा.

---

वकीलबुवा

मूळ मसुदा बघून उद्या रात्री लिहितो. आज तारीख आहे, अशिलाने चहा पाजून बसवून ठेवलंय.

---

टवाळ_पाटील

चहाची पावती घ्या. आणि नीलिमाताई, शनिवार होऊन गेला, सामोआचा धागा कुठाय?